बोट नव्वद टक्के झाली

३ एप्रिल

निर्णय झाला. बोट मीच दुरुस्त करणार.

बोट सरकारी आहे. फायबरची, निळी, आठ माणसांची. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या पुरात दोर तुटला आणि ती खडकावर घासली. तेव्हापासून आरोग्य उपकेंद्राच्या बाजूला मोहाच्या झाडाखाली पालथी पडून आहे. माधवीने तालुक्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं. त्यात बोटीचा रंग विचारला होता.

माधवी म्हणजे माझी बायको, इथली नर्स. तिला रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. मी होऊन बसलोय. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली, मेंटेनन्स डिपार्टमेंट. मागच्या जूनमध्ये तिच्याजवळ राहायला आलो, तेव्हापासून या गावात मला नावच नाही. ‘सिस्टरचे साहेब’, एवढंच. साहेब दिवसभर काय करतात, असं कोणी विचारलं तर सांगतात, पेपर वाचतात. तोही तीन दिवसांचा शिळा.

आज पाहणी केली. नुकसान फक्त तीन जागी. नंबर एक, रुपयाएवढा खड्डा. नंबर दोन, वीतभर चीर. नंबर तीन, अगदी बुडाला, तळहाताएवढं भगदाड. हात ठेवून माप घेतलं. बरोब्बर बसला.

एपॉक्सी फिलर भरायचं, घासायचं, झालं. आठ दिवसांचं काम. १४ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, बोट सुलटी करून गावाला दाखवणार.

पावसाळ्यात माधवीला लस द्यायला नदीपलीकडच्या टोल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, जावं लागतं. सध्या रामाजीचा लाकडी डोंगा आहे, एका झाडातून कोरलेला, अरुंद. माधवीला पोहता येत नाही. मागच्या पावसात ती लशींचा डबा मांडीवर धरून, डोळे मिटून बसायची. मी काठावरून बघायचो. पोहता मलाही येत नाही, पण तो विषय वेगळा.

५ एप्रिल

हैदराबादला अश्वजितला फोन. नेटवर्कसाठी हापशीच्या ओट्यावर चढावं लागतं. त्याला म्हटलं, एपॉक्सी पाठव, चांगल्या कंपनीचं. पोरगा म्हणाला, बाबा, दोन डबे असतात, लेबल नीट वाचा. म्हटलं, तेहतीस वर्षं लेबलंच वाचली. तो त्यावर काहीतरी बोलणार होता, पण रेंज गेली.

११ एप्रिल

पार्सल अहेरीपर्यंत आलंय. पुढे कधी येईल ते बसवाल्याच्या मनावर.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून रोज बोटीजवळ खुर्ची टाकून बसतो. निरीक्षण हा दुरुस्तीचा अर्धा भाग असतो. खुर्चीचा एक पाय डगमगतो. तो बघावा लागेल.

आज रामाजीची बायको बायनाबाई आली. म्हणाली, साहेब, तुमचा बोट लय तपते, त्याच्यावर मोहफूल वाळू घालू का? ‘तुमचा बोट’ म्हणाली. या गावात माझ्या मालकीचं काहीतरी आहे असं पहिल्यांदाच कोणी बोललं. म्हटलं, घाला की.

१४ एप्रिल

जयंती. शाळेत कार्यक्रम झाला. मी बोललो. भाषणात बोटीचा विषय काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटीवर त्या वेळी चार घरांचं मोहफूल वाळत होतं.

नवीन तारीख ३० एप्रिल. घाईत केलेलं काम टिकत नाही.

१९ एप्रिल, सकाळी ७

रात्री अस्वल येऊन गेलं. मोहाच्या गोडीने अख्खी बोट चाटून काढली. चाटायला हरकत नव्हती. पण एका बाजूला पाच ओरखडे आणि दुसऱ्या बाजूला चार. चांगले खोल.

रामाजी बघायला आले. सत्तरीचे आहेत, घाटावरचा डोंगा तेच चालवतात. फार कमी बोलतात आणि जे बोलतात ते मला आवडत नाही. म्हणाले, साहेब, थो काई बोटीसाठी नोता आला.

एकूण नुकसान आता बारा जागी. प्लॅनिंग पुन्हा करावं लागणार. कंबर धरली आहे.

२६ एप्रिल

पार्सल आलं. दोन डबे, एकात पांढरा लगदा, दुसऱ्यात काळा. सोबत पॉलिश पेपरचे दोन तुकडे. लेबलवर लिहिलंय की थोडं थोडं मिसळा, पंचवीस डिग्रीला वीस मिनिटं मिळतात, आणि आधी जागा खरवडून स्वच्छ करा.

बोटीवर तपकिरी, चकचकीत थर चढलाय. मोहाचा रस उन्हात सुकून बसलाय. हात फिरवला तर वार्निशसारखा गुळगुळीत. निसर्गाने आपसूक दिलेलं कशाला खरवडायचं? पॉलिश पेपर वाचला.

३ मे

कामाला माणूस मिळत नाही. तेंदूपत्त्याचा सीझन. पहाटे चारला सगळं गाव जंगलात, अकराला परत, मग दुपारभर पुडे बांधणं. छत्री धरायलासुद्धा कोणी नाही. माधवी म्हणाली, छत्री तुम्हीच धरा न. म्हटलं, मग फिलर कोण लावणार? ती म्हणाली, आतापर्यंत कोण लावून राह्यलं? बायकोपुढे तांत्रिक चर्चा करण्यात अर्थ नसतो.

६ मे, दुपारी १

ऊन पंचेचाळीस. काम सुरू केलं.

जागा बारा आहेत, तेव्हा थोडं थोडं मिसळण्यात वेळ जाईल असा विचार करून दोन्ही डबे एकदम मिसळले. भांडं म्हणून माधवीचा स्टीलचा जेवणाचा डबा. ढवळायला उपकेंद्रातली जीभ दाबायची लाकडी पट्टी. रंग छान राखाडी आला. तेवढ्यात रामाजी आले आणि विचारलं, हे का होय साहेब? आता कोणी विचारलं तर सांगावंच लागतं. रेझिन म्हणजे काय, हार्डनर म्हणजे काय, दोघांची प्रक्रिया कशी होते, सगळं समजावलं. चार मिनिटं गेली असतील.

डब्यातून धूर यायला लागला.

रामाजी म्हणाले, साहेब, तुमचा चहा उकळला.

पट्टी डब्यात उभीच्या उभी राहिली आहे. ती हलत नाही. डबा उलटा करून दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला.

संध्याकाळी माधवीला सांगितलं, मटेरियल टेस्ट यशस्वी, अतिशय मजबूत आहे. ती डब्याकडे बघत बसली. नंतर म्हणाली, हा माझ्या आईनं देल्ला होता. एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

७ मे

अश्वजितला फोन. दुसरं पार्सल मागवलं. तो म्हणाला, सकाळी सावलीत करा, थोडं थोडं मिसळा. आणि मागच्या वेळी रेंजमुळे राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. बाबा, तुम्ही मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये होते न?

मुद्दाम नोंद करून ठेवतो. हो, स्टोअरमध्ये होतो. पण कोणता पाना कोणाला द्यायचा हे कोण ठरवायचं? फिटर लोक तो फक्त फिरवायचे.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी वंदना, पंचशील. यंदा चौथ्या शीलावर जोर द्यायचं ठरवलं. खोटं बोलणार नाही. छोटंसुद्धा नाही. बोटीबद्दलसुद्धा नाही.

माधवीने खीर केली. खाताना विचारलं, बोट किती झाली? म्हटलं, नव्वद टक्के. मग बसून हिशोब जुळवला. निर्णय झालाय, पाहणी झाली, माप झालं, मटेरियलचा अभ्यास झाला. फक्त भरायचं बाकी. म्हणजे नव्वदच होतात. शील मोडलं नाही.

१९ मे

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

दुसरं पार्सल काल आलं. पहाटे साडेपाचला उठलो. झाडाच्या सावलीत, लिंबाएवढं लिंबाएवढं मिसळून, एकेक जागा भरली. आधी केरोसीनच्या चिंधीने पुसून घेतलं. बाराच्या बारा भरल्या. कंबरेतून उठता येईना, म्हणून तिथेच मातीत बसून बोटीकडे बघत राहिलो. निळ्यावर राखाडी ठिपके. मला आनंद झाला. साधा, लहान पोराला होतो तसा.

माधवी ड्युटीवर जाताना थांबली. नंबर तीनवर हात फिरवला. म्हणाली, छान केलं हो. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या कामाला ती छान म्हणाली असेल तर ती वेळ मला आठवत नाही.

मग तिने पलीकडच्या टोल्यावरच्या सुकलूच्या सुनेचं सांगितलं. दीपिका. दिवस गेलेत, जुलैचा दुसरा आठवडा. पहिल्या वेळी, बोट नुकतीच फुटली होती तेव्हा, ऐन पुरात तिच्या कळा सुरू झाल्या. अरुंद डोंग्यात तिला आडवं करता येईना. कोणीतरी निरोप आणला की बोट दुरुस्त करायला माणूस निघालाय. आज येईल, उद्या येईल म्हणत सगळे दोन दिवस बोटीची वाट बघत राहिले. मूल गेलं. माधवी तेव्हा अलीकडच्या काठावर उभी होती.

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

म्हणाली, यंदा बोट आहे, मनून मी बिनघोर आहो. पलीकडून आणली की जीपनं थेट हेमलकशाच्या दवाखान्यात.

मी हो म्हटलं.

२७ मे

नंबर तीनच्या कडेला मुंग्यांची रांग. आत जातात, बाहेर येतात. आत काय आहे कळत नाही. मुंगी हा शिस्तीचा प्राणी आहे. कच्च्या जागी ती घर करत नाही, तेव्हा हे शुभलक्षण समजायला हरकत नाही.

३० मे

वादळ आलं आणि अर्धा तास पाऊस झाला. नंतर बोट बघायला गेलो. नंबर सातला बोट लावलं तर पापुद्रा अख्खा हातात आला, पापडासारखा. खालची जागा चिकट. चाखून बघितली. गोड.

मोहाच्या थरावरच फिलर बसवला होता मी. फायबरला तो चिकटलाच नाही, गुळाला चिकटला. वर केरोसीन.

बारापैकी सात निघाले. पाच टिकले. निसर्गाच्या वार्निशबद्दलचं माझं मत मी बदललं आहे.

जागा खरवडायला पॉलिश पेपर शोधला. सापडला. खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली मीच घडी करून घातला होता. तेवढ्याने जमेल तितकं घासलं. उरलेलं फिलर सहा जागांना पुरलं. नंबर तीनला कमी पडलं. त्यात चुलीतली राख मिसळली. आभाळ ओलं, बोट ओली, मी ओला. पण करून टाकलं. थकलो.

माधवीने विचारलं, किती झालं? नव्वद टक्के. याहून वेगळा आकडा तोंडात येईना.

४ जून

घाटावर गेलो होतो. रामाजी त्यांच्या डोंग्याची चीर बुजवत होते. मातीच्या भांड्यात राळ आणि टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल गरम करून, चिंधीने दाबून. ना लेबल, ना माप. मी म्हटलं, आता यापेक्षा चांगलं मटेरियल निघालंय. म्हणाले, निंगलं असन.

चीर बुजवून झाली. रामाजींनी डोंगा डोहात ढकलला आणि एकटेच बसले. पलीकडे गेले, परत आले. डोंग्यात हात फिरवून बघितला. मग बायनाबाईला बसवलं.

विचारलं, हे काय? म्हणाले, या घाटाची रीत होय. ज्यानं बुजवलं, थोच पयले बसते. एकटा. जाऊन येते. मंग बाकीचे. तुमाले बी बसा लागन साहेब, पानी आलं का.

मी हसलो. म्हटलं, रामाजी, मी विज्ञान मानणारा माणूस आहे. असल्या श्रद्धा मी पाळत नाही.

ते म्हणाले, श्रद्धा-गिद्धा काई नाई साहेब. बुडला तं बुजवनाराच बुडते, येवढंच.

घरी येऊन डब्याचं लेबल पुन्हा वाचलं.

१० जून

डोहात चाचणी. गाव पेरणीच्या गडबडीत होतं ते बरंच झालं. दोन माणसं धरून बोट सुलटी केली आणि माझ्या वजनाएवढी रेती पोत्यांत भरून आत ठेवली. माणूस बसवायची गरज नाही, वजन ते वजन.

दहा मिनिटांनी पोती खालून ओली. वीस मिनिटांनी पोत्यांची खालची कड दिसेना. मगने पाणी उपसलं. एकवीस मग. पाणी नंबर तीनमधूनच येतं. बाकीच्या जागा ठीक वाटतात. वाटतात.

‘थोडा पाझर, मर्यादेत’ अशी नोंद करतो. नवीन फिलर मागवायला अश्वजितला फोन लावला. हापशीचा ओटा चिखलाने माखलेला, रेंज नाही. पुन्हा लावतो.

बोट परत पालथी केली. डोळ्यांना ती तशीच चांगली दिसते.

२१ जून

नदी आली. काल गुडघाभर होती, आज काठाला लागली आहे.

माधवी लशींचा डबा घेऊन डोंग्यात बसली. डोळे मिटून. बसण्याआधी विचारलं, अहो, बोट कधी? म्हटलं, क्युअर होतेय. जितका वेळ द्यावा तितकी पक्की होते. ती मान हलवून गेली. रामाजींनी वल्हं मारताना माझ्याकडे एकदा बघितलं. तो माणूस बघतो तेव्हा फार बघतो.

२९ जून

ठरलं. उद्या बसणार. एकटा. जाऊन येणार.

३० जून

पाऊस.

१ जुलै

पाऊस नाही, पण पाण्याला ओढ आहे.

२ जुलै

ओढ कमी. गुडघा दुखतो.

४ जुलै

गुडघा ठीक. चप्पल तुटली. घाटावर अनवाणी जाणं धोक्याचं, काटे असतात.

६ जुलै

पलीकडून सुकलू आला होता, मीठ आणि तेल घ्यायला. माडिया माणूस, मराठी तोलून तोलून बोलतो. मुद्दाम वळून बोटीजवळ आला आणि तिच्यावर थापटी मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. म्हणाला, सूनले सांगतलं, साहेबानं बोट केला. ते आता भेत नाई.

मला सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंसुद्धा. तो खुशीत होता. मी म्हटलं, चहा घेता का?

दिवसभर अंगात त्राण नाही. काही काम न करता माणूस इतका कसा थकतो कळत नाही.

९ जुलै, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला सुकलू डोंग्यातून आला, भिजून चिंब. दीपिकाच्या कळा सुरू झाल्या आहेत, पहाटेपासून. नदी दोन्ही काठ भरून, मधे झाडाच्या फांद्या वाहत चाललेल्या. माधवीने बॅग उचलली, जीपवाल्याला थांबायला सांगितलं आणि चार माणसांना म्हणाली, बोट सुलटी करा, घाटावर घ्या.

त्यांनी घेतली. मी मागून चालत होतो.

घाटावर रामाजींनी बोट अडवली. काठावर आडवं वल्हं ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, साहेब, बसा. जाऊन या. मंग सिस्टरबाई जाईन.

सुकलू म्हणाला, येळ नाई, बसू द्या सिस्टरले. एकाने रामाजींना रीत बाजूला ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, गुडघा. मग म्हटलं, रेतीची पोती आहेत माझ्या वजनाची, ती ठेवून बघू. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

माधवी माझ्याजवळ आली. पावसाने चष्मा धुरकटलेला होता, तो काढला. हळू आवाजात म्हणाली, अहो, माझ्याकडे पाहा. मी तिले याच्यात आडवी झोपवून आणीन. बोट पक्की आहे का? खरं सांगा.

नव्वद टक्के, हे शब्द जिभेवर आले होते. अगदी दातांपर्यंत.

नाही म्हटलं.

नाही, नंबर तीनमधून पाणी येतं. वीस मिनिटांत एकवीस मग. जूनमध्येच कळलं होतं मला. राख मिसळली होती.

सगळ्यांसमोर बोललो. सुकलू माझ्याकडे बघत राहिला. त्याने शिवी दिली नाही, नुसती मान वळवली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

रामाजींनी वेळ घालवला नाही. सुकलूचा डोंगा आणि आपला डोंगा शेजारी लावले, चार बांबू आडवे बांधले आणि बायनाबाईने आणलेली खाट वर टाकली. पाऊण तास. दोर कमी पडला तेव्हा बोटीचा दोर सोडून घेतला. तो गाठी मारायला मी धरून होतो. बोटीतलं तेवढंच कामाला आलं. नंतर रामाजी आणि सुकलू रिकामी जोडी पलीकडे नेऊन परत आले. बुजवणाऱ्याने आधी जाऊन यायचं, बांधणाऱ्यानेही. ऐन घाईतसुद्धा.

मग माधवी खाटेवर चढून बसली. डोळे उघडे ठेवून गेली.

तासाभराने परत आली तेव्हा दीपिका खाटेवर आडवी होती, तिचं डोकं माधवीच्या मांडीवर. काठावर खाट उचलायला चार माणसं लागली. चौथा मी. जीप गेली. मी घाटावरच बसून राहिलो. रामाजी बिडी पेटवत होते, ओली, पेटत नव्हती. मी काडीपेटी दिली.

म्हणाले, प्रफुलभाऊ, घरी जा. भिजून राह्यले.

११ जुलै

माधवी परतली. मुलगी झाली. आई आणि पोर दोघी बऱ्या आहेत.

मी चहा करून दिला. माफी मागायची होती, वाक्य नीट बसवलं होतं. तिने बोलू दिलं नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, तुम्ही हो म्हटलं असतं तर मी बसली असती. रामाजींचं नसतं आयकलं. तुमचं आयकलं असतं.

आणि कप धुवायला गेली. माझ्या मनात आता हे एकच आहे. माझ्या नव्वद टक्क्यांवर ती डोळे मिटून बसली असती.

१३ जुलै

फिलरचे रिकामे डबे फेकून दिले. स्टीलचा डबा ठेवला, पट्टीसकट. कपाटावर, रोज दिसेल असा.

१५ जुलै

रामाजींनी विचारलं, बोट नेऊ का घाटावर? चार खांब रोवून त्यावर पालथी टाकतो म्हणाले. डोंग्याची वाट बघणारे पावसात उभे राहतात, त्यांना आडोसा होईल. नेली. खांब रोवायला खड्डे मी खणले. दोन खड्डे कमी खोल निघाले, ते रामाजींनी पुन्हा खणले.

२७ जुलै

दीपिका मुलीला घेऊन आज हेमलकशाहून परतली. सोबत सुकलू, आणि त्यांना आणायला गेलेली माधवी. डोंगा पलीकडे होता, म्हणून सगळे बोटीखाली थांबले, डोंग्याची वाट बघणारी बायनाबाईही. मीही गेलो. जावं की नाही असं झालं होतं, पण गेलो.

पाऊस जोरात. बोटीवर नुसता तडतड आवाज. पाच जागांचं जुनं फिलर धरून आहे, सहा नवीन जागाही धरून आहेत. मी वर बघून एकेक मोजत होतो. सुकलू माझ्याशी बोलला नाही. पण सरकून जागा दिली.

तेवढ्यात एक थेंब पडला. पोरीच्या कपाळावर. मग दुसरा. पोर दचकून रडायला लागली.

सगळ्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे.

मी म्हटलं, नंबर तीन आहे.

बायनाबाईला हसू फुटलं. मग दीपिकाला. तिला इकडे-तिकडे सरकायला जागा नव्हती, मांडीवर पोर, बाजूला गाठोडी. म्हणून मी हात वर केला आणि त्या जागेवर तळवा दाबून धरला. पाणी बाहीत शिरलं, काखेपर्यंत गेलं. पण खाली पडलं नाही. पोर गप्प झाली.

डोंगा यायला अर्धा तास लागला. खांदा भरून आला होता. माधवी म्हणाली, दुसरा हात लावा न. लावला.

भगदाड बरोब्बर तळहाताएवढंच आहे. पहिल्या दिवशी माप तरी नीट घेतलं होतं.